संग्रामने काढलेली तार

चंडीगडच्या गॅरेजात वेल्डरने आमच्या गाडीच्या फाटक्या पत्र्याला हात घातला आणि मी ओरडले, "रुको जी!" मग नवऱ्याकडे वळले. "संग्राम, बॅटरीची तार काढलीस का रे? तशीच वेल्डिंग केली तर आतलं सगळं इलेक्ट्रॉनिक्स जळेल!"

"मघाशीच काढली, स्वतःच्या हाताने," हातातला पाना नाचवत संग्राम म्हणाला. "इंजिनिअर आहे मी. जरा विश्वास ठेव!"

विश्वास! परवा हाच माणूस मागे न बघता गाडी खांबावर घालून आला होता. मी खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला.

पॅऽऽम! अख्खं गॅरेज दचकलं.

"वाजला!" मी नाचायचीच काय ती बाकी होते. "तार जागेवरच आहे! वाचली माझी गाडी!"

"पण मी काढली होती, पक्का," संग्राम पुटपुटला.

तेवढ्यात शेजारच्या, अगदी आमच्यासारख्याच पांढऱ्या गाडीतून एक सरदारजी तणतणत उतरले. "ओ जी, अभी तो चलाके लाया था! स्टार्ट ही नहीं हो रही!"

संग्रामने पाना हळूच पाठीमागे लपवला.