मिझुरीच्या सारासाठी शाल

पाहुणीला शाल द्यायचीच, यावर सुनेत्राबाई अडून बसल्या होत्या.

"आई, प्लीज! हा वाइन टेस्टिंग आहे, मंडळाचा प्रोग्रॅम नाही," काउंटरवर ग्लास पुसता पुसता अक्षया म्हणाली. जन्म ब्रिस्टलमधला, त्यामुळे तिच्या मराठीत 'तो-ती-ते'चा गोंधळ कायमचा. वैताग मात्र थेट आजोळच्या पुण्याचा.

"अगं, बाई अमेरिकेहून येणार, स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची, स्वतःच्या हातची वाइन आपल्याला पाजणार, आणि आपण तिला नुसतं थँक्यू म्हणून वाटेला लावायचं?"

"त्यांना ऑकवर्ड होईल!"

"सत्कारानं कुणाला ऑकवर्ड झालेलं मी अजून पाहिलं नाही," म्हणून बाईंनी विषय मिटवला आणि स्टेपलटन रोडवर नारळ आणायला गेल्या.

खरं तर सुनेत्राबाईंनी इंग्लंडमध्ये इतकी वर्षं काढली, पण दारूचा थेंब कधी जिभेला लागू दिला नव्हता. ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीतही त्यांच्या हातात ऑरेंज ज्यूस. लेकीनं युनिव्हर्सिटीची डिग्री घेऊन ग्लॉस्टर रोडवर वाइनचं दुकान काढलं, तेव्हा आठवडाभर त्या तिकडे फिरकल्या नाहीत. मग एके दिवशी मशीन काढून त्यांनी दुकानाचे पडदे शिवायला घेतले.

शनिवारी संध्याकाळी वीसेक माणसं जमली. कॅलिफोर्नियाची वाइन सगळ्यांनाच माहीत. आज त्याखेरीजची अमेरिका चाखायची होती. अक्षयानं प्रत्येक बाटलीशेजारी ती करणाऱ्या माणसाचा फोटो ठेवला होता, आणि आधी त्याच्याबद्दल सांगूनच ती ग्लास भरत होती. न्यूयॉर्क राज्यातल्या एका तळ्याकाठचं जोडपं थंडीआधी वेलींच्या बुंध्यांवर मातीची भर घालतं, नाहीतर वेली गोठून मरतात. टेक्ससचे एक गृहस्थ गारपिटीच्या धास्तीनं अख्ख्या मळ्यावर जाळी ताणतात. लेक हे इतक्या मायेनं सांगत होती की मागच्या खुर्चीवर बसलेल्या सुनेत्राबाई पिशवीतली शाल विसरून ऐकत राहिल्या.

शेवटची वाइन मिझुरी राज्यातली, नॉर्टन नावाच्या अस्सल अमेरिकन द्राक्षाची. तिची कर्ती समोर उभी होती. सारा. साठी उलटलेली, उंच, चौकड्यांचा शर्ट घातलेली. नुकताच हंगाम आटोपून आली होती. नखांतला जांभळा रंग अजून गेला नव्हता.

माणसांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि एकेक जण टेबलावरच्या बादलीत थुंकला.

"अहो!" सुनेत्राबाईंनी नवऱ्याचा दंड धरला. "थुंकतायत! तिच्यादेखत!"

"अगं, तशीच पद्धत असते," सतीशराव कुजबुजले. "सगळं गिळत बसलं तर चौथ्या ग्लासाला चव कळेल का?"

बाईंना ते पटलं नाही. त्यांचं लक्ष साराकडे होतं. ती प्रत्येकाचा चेहरा वाचत होती. पुढे बसलेले बो-टायवाले गृहस्थ तोंड पुसत म्हणाले, "मिझुरी! जरा राकटच आहे, नाही?" सारा हसली, पण तिचे दोन्ही हात पँटच्या खिशात गेले.

सुनेत्राबाई उठल्या. सतीशरावांच्या हातातला ग्लास घेतला आणि पन्ह्याचा प्यावा तसा एका दमात रिकामा केला.

"आई?" अक्षयाच्या हातातली बाटली तशीच राहिली.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जीभ आक्रसली. मग चेहरा हळूहळू उजळला. "जांभूळ!" त्या मराठीतच ओरडल्या. "अहो, अगदी जांभूळ!"

"ते काय?" सारानं विचारलं.

मग बाईंनी इंग्रजीत समजावलं. त्यांच्या शाळेमागे जांभळाचं झाड होतं. मधल्या सुट्टीत मुली खाली पडलेली जांभळं फ्रॉकला पुसून खायच्या आणि कुणाची जीभ जास्त रंगली ते एकमेकींना दाखवायच्या. "अशी!" म्हणत त्यांनी भर सभेत जीभ बाहेर काढली.

सारा खळखळून हसली आणि तिनंही आपली जीभ दाखवली. पुढच्या रांगेत कुणीतरी ग्लास पुन्हा पुढे केला. या खेपेला बादलीकडे कुणी पाहिलं नाही. थोड्याच वेळात दुकानभर माणसं एकमेकांना जिभा दाखवत होती, आणि बो-टायवाले मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्वतःची निरखत होते. "हळूहळू उलगडते ही वाइन," ते शेजारणीला म्हणाले. "मी जरा घाईच केली."

आता बाईंना कोण थांबवणार! सतीशरावांनी पिशवीतलं तबक काढून धरलं. बाईंनी साराला कुंकू लावलं, खांद्यांवर मोरपंखी शाल घातली आणि हातात नारळ दिला. टाळ्या थांबेनात.

"मेडलं खूप मिळाली," सारा म्हणाली, "पण मेडल बाटलीच्या गळ्यात घालतात. माझ्या अंगावर आजवर कुणी काही घातलं नव्हतं."

अक्षयानं डोळे पुसले, आणि सत्काराचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ बाकीच्या वाइनकर्त्यांना तिथल्या तिथे पाठवून दिला. दुकान बंद व्हायच्या आत टेक्ससहून उत्तर आलं: 'मी विमानाचं तिकीट बघतोय. आधी सांगा, मलाही शाल मिळेल ना?'

अक्षयानं फोन आईपुढे धरला. "आई, काय रिप्लाय करू?"

"विचार त्यांना, कुठला रंग आवडतो."

बसस्टॉपकडे चालताना सुनेत्राबाईंचं पाऊल जरासं तिरकं पडलं. सतीशरावांनी हात पुढे केला.

"चढली वाटतं?"

"काहीतरीच! फुटपाथच वाकडा आहे," असं म्हणून त्यांनी तो हात धरला, आणि बस येईपर्यंत दोघं उगीचच हसत उभी राहिली.