भोपळ्याच्या वेलावरचे ढेकूण

कासिल्डाच्या परसातले भोपळ्याचे बाकीचे वेल ढेकणांनी, म्हणजे झाडांचा रस पिणाऱ्या किड्यांनी, शोषून वाळवले होते. उरला होता एकच वेल, त्यावर एकच भोपळा. आईच्या माहेरचा हा वाण गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता, आणि घरातलं होतं नव्हतं ते बी तिनं वसंतातच पेरून टाकलं होतं. हा भोपळा गेला की वाण संपला.

तिबुर्सिओमामानं वेलाच्या बुडाशी पसरलेला पेंढा फावड्यानं उचकटला. खाली करडे ढेकूण वळवळत होते.

"हे काय गं?"

"लसणीला घालतो तसा घातला. ओल राहावी म्हणून."

"ओल राहिली, आणि पाहुणेही राहिले! वा गं शेतकरीण!" मामा हसला. मग उकिडवा बसून तिला नीट समजावू लागला, "आज पाण्याची पाळी आपली. बुडाशी पाणी साचलं की हे मेले वर चढतील. चढले की चिरडायचे."

"हातानं?"

"मग काय पाद्रीबाबांना बोलावू?"

त्यानं पाटाच्या तोंडाची फळी उपसून बाजूला टाकली. पाणी वाफ्यात शिरलं, पेंढा तरंगला आणि देठादेठावरून ढेकणांची रांग वर सरकू लागली. कासिल्डानं पहिला चिरडला. घाण वास नाकात गेला. दुसरा. दहावा. पानांमागची तांबूस अंडी तिनं नखांनी खरवडली. मनगटापर्यंत चिकट रस ओघळला. तरी ते येतच होते. वाळलेले वेल आठवले आणि तिचं डोकंच फिरलं. तिनं ती फळी उचलली आणि दाणदाण हाणत सुटली.

"मरा! मरा मेल्यांनो!"

"फळी टाक! पोरी, वेल..."

कट्! बुडखा फुटून वेल आडवा झाला.

कासिल्डाच्या हातून फळी पडली. मामा पुढे झाला. त्यानं भोपळ्याच्या सालीत नख दाबलं. नख रुतलं नाही.

"साल टणक झालीय. वीतभर देठ ठेवून काप. सावलीत राहू दे. आतलं बी अजून भरेल."

"नाही भरलं तर?"

"तर दोघं मिळून रडू. आत्ता ते बघ."

पडलेल्या वेलावरून ढेकूण भोपळ्याकडे निघाले होते. कासिल्डानं भोपळा देठापासून कापून मांडीवर घेतला आणि त्यावर चढलेला एकेक ढेकूण चिमटीत धरून, फुटल्याचा आवाज येईपर्यंत दाबला.