बोटभर निळी शाई

मी एक जुना नकाशा आहे. सरकारी कार्यालयातल्या कपाटामागे गुंडाळी होऊन उभा आहे. मित्रांनो, माझ्या एका कोपऱ्याला कसर लागली आहे, पण माझं दुःख ते नाही.

माझा जन्म आकाशातला. उपग्रहाने गावावरून जाताना वेगवेगळ्या प्रकाशांत फोटो काढले. त्यातला एक प्रकाश तर आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. हिरवं पान त्यात लख्ख उजळतं, पाणी काळंभोर दिसतं. त्यावरून संगणक ओळखतो, इथे शेत, इथे घरं, इथे पाणी. मग या कार्यालयात नकाशे करणाऱ्या ताईंनी मला रंग दिले. शेतं पिवळी, घरं तांबडी, गवत हिरवं, पाणी निळं.

संगणकाचं म्हणणं खरं का, हे बघायला ताई स्वतः जागेवर जात. चाळीस ठिकाणं होती. एकोणचाळीस झाली आणि त्यांच्या लेकीला ताप चढला. राहिलेलं ठिकाण म्हणजे गावाच्या कडेचं गवत. 'त्यात काय बघायचं!' असं म्हणून त्यांनी न जाताच बरोबरची खूण केली.

मी भिंतीवर झळकलो. साहेब पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. मीही फुगलो होतो.

एके दुपारी मासे धरणारे एक आजोबा आले. "बाई, यात माझं तळं कुठंय?"

ताईंचं बोट रस्त्यावरून सरकत हिरव्या ठिपक्यावर थांबलं. "इथे तर गवत आहे, आजोबा."

"मग मी तीस वर्षं काय गवतात जाळं टाकत होतो?"

शिपाई हसला. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. फोटो काढला तेव्हा तळ्यावर जलपर्णी माजली होती. पानं उजळली, पाणी खाली दडलं. आणि मी तिथे हिरवा म्हणून ती 'मोकळी जागा' गोदामाला दिली गेली होती. सकाळपासून तिथे राडारोडा पडत होता.

ताई साहेबांकडे धावल्या. साहेब म्हणाले, "नकाशा मंजूर झालाय, मॅडम. एका डबक्यासाठी सगळं मागे फिरवायचं?" ताईंनी केलेला दुरुस्तीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर गेला. ट्रक थांबले नाहीत.

अकराव्या दिवशी आजोबांनी कोरडं जाळं ताईंच्या टेबलावर ठेवलं. "असू दे तुमच्याकडे," एवढंच म्हणाले. ते गेल्यावर ताईंनी पेन काढलं आणि माझ्या हिरव्या ठिपक्यावर बोटभर निळी शाई गिरवली.

पुढे नवा नकाशा आला. त्यात ती जागा तांबडी आहे, कारण तिथे आता गोदाम आहे. मित्रांनो, तो अगदी बरोबर आहे. माझी चूक कुणी सुधारली नाही. गावच माझ्या चुकीसारखं झालं.

ताई आता एकही ठिकाण सोडत नाहीत. लेक आजारी असली तर पाहणी पुढे ढकलतात, पण न बघता खूण करत नाहीत. तुम्हीही आधी जाऊन बघा, मग रंग भरा.

आणि एक करा. कपाटामागची भिंत ओल धरते आहे. मला तिथून हलवा. ते तळं आता फक्त माझ्या अंगावर उरलं आहे, आणि पेनाची शाई पाण्याने पुसली जाते.