दोन रेघांची पट्टी

मित्रांनो, माझं शिक्षण दोन रेघांचं. खालची रेघ म्हणजे तेल कमी, वरची म्हणजे पुरे. एवढ्या अभ्यासावर मी बावीस वर्षं नोकरी केली आणि एकदाही चुकीचा निकाल दिला नाही. एका जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल मोजणारी पोलादी पट्टी, ती मी.

कारखान्यात मला पातळ पत्र्यातून लांबलचक कापलं, टोकाला रेघा कोरल्या, डोक्यावर कडी बसवली आणि एका नळीत उभं केलं. पुढे इंजिनाच्या तेलाची पट्टी होती. ती माझी जाऊ. तिची कडी पिवळीधमक. जो तो बॉनेट उघडायचा आणि तिलाच ओढून बघायचा. मी मागे, रबरी नळ्यांच्या आड. पहिल्या मालकाचा मेकॅनिक तेवढा एकदा म्हणाला होता, "ही पट्टी खोटं बोलत नाही." पुढे गाडी विकली गेली आणि सात वर्षं मला कुणी हात लावला नाही. मीही हाक मारली नाही. मानाने बोलावलं तरच यायचं, हा माझा स्वभाव.

आताची मालकीण नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन ती जखमा धुते, मलमपट्टी करते. लहानपणच्या आजाराने तिच्या डाव्या पायात जोर नाही, त्यामुळे क्लच दाबणं जमत नाही. आमच्या गाडीला क्लचच नाही, गिअर आपले आपण बदलतात. ही गाडी आहे तोवर तिचं काम आहे.

आणि नेमकी तीच गाडी अडखळायला लागली. गिअरचा लिव्हर टाकला की क्षणभर विचार करायची, मग धक्का देऊन निघायची. गॅरेजवाला म्हणाला, "गिअरबॉक्सचं तेल बदलून बघा. नाही सुधारली तर गाडीच काढून टाका."

हे ऐकून तिचा धाकटा भाऊ रविवारी सकाळी बाह्या सरसावून हजर झाला. तो घड्याळजी.

"ताई, गॅरेज कशाला? यंत्र म्हटलं की माझा हात बसलेला."

"तुझं घड्याळ बंद पडलं तर लोकांना उशीर होतो. ही बंद पडली तर मी घरी बसेन. नीट बघून कर."

"व्हिडिओ तीनदा बघितलाय!"

तिने आधी मला बाहेर ओढलं. सात वर्षांनी उजेड! गॉजच्या पांढऱ्या तुकड्यावर माझं टोक पुसलं, तर तांबूस, मळका डाग पडला. तो तुकडा तिने कठड्यावर जपून ठेवला. नर्सच ती.

भावाने पुढची चाकं दोन तिरप्या लोखंडी पाटांवर चढवली, मागच्यांना ठोकळे लावले आणि खाली सरकला. बोल्ट सोडला. टबात भळाभळा तेल आलं. मग बोल्ट घट्ट करून त्याने माझ्या नळीत नरसाळं लावलं आणि चार लिटर लालभडक नवं तेल ओतलं.

"झालं. आता चालू करतो," तो चावी घेऊन म्हणाला.

"थांब. बघू दे आधी."

तिने मला ओढलं. मी वरच्या रेघेच्याही कितीतरी वर ओली होते.

"अगं, इंजिन बंद असताना जास्तच दिसतं."

"जास्त म्हणजे वीतभर?" तिने मला दुसऱ्या गॉजवर पुसलं. तोच मळका डाग, फक्त लाल झाक आलेली. "जुनं काढलंस ना? मग हे कुठून आलं?"

"थोडं आत राहतंच."

तिने तिसरा गॉज टबात बुडवला. तो काजळीसारखा काळा निघाला. "राहू दे की. पण हे डाग एका घरचे नाहीत."

मग तिने माझ्या जावेला बाहेर काढलं. कोरडी ठणठणीत!

भावाने हातातली चावी तिच्याकडे दिली. गिअरबॉक्स समजून त्याने इंजिनाचं तेल सोडलं होतं आणि आमच्या भरल्या पोटात आणखी चार लिटर ओतलं होतं. चावी फिरली असती, तर इंजिन कोरडंच फिरून जाम झालं असतं. एरवी जावेची फजिती बघून मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी नाही वाटलं. ती गेली असती तर मीही भंगारातच.

"ताई, बोल ना काहीतरी."

"काय बोलू? उद्या कुणाचं घड्याळ दुरुस्त करायला जाशील आणि भिंत उघडून बसशील."

तो सायकल काढून दोन्ही तेलं घेऊन आला. आता तिने गाडीचं पुस्तक उघडून वाचलं आणि त्याने ऐकलं. खरा बोल्ट सुटला, मळकं तेल निघालं. तिने दुसऱ्या डागाशी ताडून पाहिलं, मगच मान हलवली. इंजिन आणि गिअरबॉक्स, दोघांच्या पोटात ज्याचं त्याचं तेल बेताबेताने गेलं. गाडी खाली घेऊन ती एकटीच गल्लीच्या टोकापर्यंत गेली. जाताना गाडी थोडी अडखळली. येताना नाही. सपाट जागी, इंजिन चालू ठेवून तिने मला पुन्हा विचारलं. मी बरोबर वरच्या रेघेपर्यंत ओली होते.

सोमवारी सकाळी आठला तिने बॅग शेजारी ठेवली आणि लिव्हर टाकला. गाडी विचार न करता निघाली. दाराशी भाऊ उभा होता. तो वळणापर्यंत बघत राहिला.

मित्रांनो, घरच्या मोठ्यांना सांगा, आमच्यासारख्यांना अधूनमधून बाहेर काढून विचारत जा. कमी असेल तर मी कमी म्हणेन, जास्त असेल तर जास्त. उत्तर कडू लागेल कदाचित. पण कुणाचं मन राखायला मी माझी रेघ सरकवणार नाही.