पुनमच्या नावावरचं खातं

आपल्याकडे वस्तू एकाची आणि नाव दुसऱ्याचं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गाडी मेहुण्याच्या नावावर, सिमकार्ड शेजारच्या पोराच्या आधारवर, गॅस तर कधीच्या वारलेल्या आजोबांच्या नावावर. ‘नुसतं नाव तर लागतंय’ असं म्हणून आपण सगळेच हे करतो. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, म्हणून सवयही सुटत नाही. डोंगरकडा गावच्या संतराम मंडपवाल्यांनाही हीच सवय होती.

संतराम मनाने वाईट नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. दिवाळीनंतर नांदेडच्या एका प्रदर्शनात त्यांनी व्हीआर हेडसेट पाहिला आणि ते हरखून गेले. डोळ्यांवर चढवला की रिकाम्या दुकानात उभं राहून लग्नाचं अख्खं स्टेज दिसायचं. मान वळवली की फुलांची कमान, वर पाहिलं की झुंबर. गिऱ्हाईक जागेवरच पसंती देणार, अशा हिशेबाने त्यांनी तो विकत घेतला. दुकानात सगळे त्याला चष्माच म्हणू लागले.

स्टेजची चित्रं संगणकावर तयार करायचं काम पुनमकडे होतं. पुनम सिद्धेश्वर गावच्या सासरहून नवऱ्याच्या माराला कंटाळून पळून आली होती. फोनचा नंबर तिने बदलला होता. गंगूताई म्हणून पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई गावात राहत, त्यांच्या मागच्या खोलीत ती भाड्याने राही. ती कुठे आहे हे माहेरी फक्त आईला ठाऊक होतं. संतरामना हे सगळं माहीत होतं, आणि माहीत असूनच त्यांनी तिला काम दिलं होतं.

चष्मा सुरू करायला खातं लागत होतं. दुकानाच्या नावाने खातं काढायची सोय होती, पण त्यासाठी कागदपत्रं हवी होती आणि तपासणीला आठवडा लागेल असं लिहून येत होतं. लग्नसराई तर तोंडावर आलेली.

“पुनम, तुझ्या नावानं काढून टाक,” संतराम म्हणाले.

“माझ्या नावानं नको, काका. मला कुठंच दिसायचं न्हाई.”

“दिसतंय कुठं? चष्म्याच्या आतली गोष्ट हाय ती. नाव नुसतं लागतंय.”

“मंग तुमच्या नावानं काढा की.”

“माझ्या फोनवर दिवसभर गिऱ्हाइकं येऊन राहिले. त्यात ते कोड कुठं बघत बसू? काहून एवढी घाबरती?”

पगार देणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा नाही म्हणायला बळ लागतं. पुनमने नाव, जन्मतारीख आणि नंबर भरला, फोटो काढून घेतला. मग एकेक परवानगी विचारली जाऊ लागली. फोनमधले नंबर पाहू का, ओळखीच्यांना तुमचं नाव सुचवू का, गावाचं ठिकाण दाखवू का? पुनम वाचायला थांबली, तेव्हा संतरामनी फोन तिच्या हातून घेतला आणि सगळीकडे हो, हो दाबून टाकलं. “पाव्हणे यायलेत, आटप लवकर,” असं म्हणत फोन परत तिच्या हातात दिला.

पुढे धंदा खरंच वाढला. लांबून लोक चष्मा बघायला येऊ लागले. पुनमच्या फोनमध्ये आईचा आणि मामेबहिणीचा नंबर होता. तेच दोन नंबर तिच्या नवऱ्याच्या फोनमध्येही होते. तेवढा धागा खात्याच्या यंत्रणेला पुरला. एका सकाळी त्याच्या फोनवर आपोआप आलं, ‘या व्यक्तीला तुम्ही ओळखत असाल’. वर पुनमचा फोटो, खाली डोंगरकडा. जिला तो गावोगाव शोधत होता, तिचा पत्ता त्याला घरबसल्या मिळाला.

त्या दुपारी कुरुंद्याचे पाव्हणे दुकानात बसले होते. पुनम चष्मा लावून, हवेत हात फिरवत कमान इकडेतिकडे सरकवत होती आणि पाव्हणे ती चष्म्याला जोडलेल्या टीव्हीवर बघत होते. तेवढ्यात एक माणूस आत आला. संतरामना वाटलं, यांच्यातलाच कुणीतरी असेल.

“या, बसा. पाणी घ्या,” ते म्हणाले.

“पुनम हीच का?”

“व्हय, हीच. लई हुशार पोरगी हाय आमची,” संतरामनी कौतुकाने सांगितलं.

पुनमच्या डोळ्यांपुढे फुलं होती. खोलीत कोण आलंय ते तिला दिसत नव्हतं. नवऱ्याचा आवाज ओळखून तिचे हात हवेतच थांबले, पण चष्मा काढायला वेळ मिळाला नाही. त्याने पट्ट्यासकट तिचे केस धरले आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. पाव्हणे धावून येईपर्यंत त्याने पुन्हा आपटलं. टीव्हीवर ती कमान वेडीवाकडी फिरत होती.

पोलीस त्याला घेऊन गेले. पुनमच्या कपाळाला टाके पडले, एक डोळा सुजून बंद झाला. दवाखान्याच्या व्हरांड्यात संतराम भिंतीला टेकून उभे होते. बाकावर गंगूताई बसल्या होत्या.

“माझं काय चुकलं, ताई? मारलं त्यानं. मी तिचं नाव तेवढं वापरलं.”

“मारलं त्याने, त्याची शिक्षा त्याला होईल. पण त्याला वाट कुणी दाखवली?” गंगूताई म्हणाल्या. “संतराम, मी जन्मभर पोस्टात होते. मनीऑर्डर कुठून आली, पत्रावर शिक्का कुठला, असं विचारत लोक यायचे. कुणी पळालेल्या बायकोला शोधायचा, कुणी सुनेला. गोड बोलायचे, दमही द्यायचे. मी कुणाला सांगितलं नाही. माणसाचा पत्ता त्याचा स्वतःचा असतो. तू तर फुकट वाटून टाकलास.”

“मला काय ठाऊक ते खातं एवढं सांगत फिरतंय म्हणून?”

“खात्याने आधी परवानगी विचारली होती. उत्तर तू दिलंस, तिच्या वतीने. ती नको म्हणाली होती ना?”

संतराम हळूच म्हणाले, “म्हणली व्हती.”

“चष्मा तुझा, गिऱ्हाईक तुझं, नफाही तुझा. धोका तेवढा तिच्या नावावर! हा कुठला न्याय रे?”

संतराम आत गेले. हात जोडायला गेले, पण पुनम म्हणाली, “काका, ते खातं आधी बंद करा.” बंद करायचा कोडही तिच्याच फोनवर आला. एका डोळ्याने तिने एकेक आकडा वाचून सांगितला. शेवटी उत्तर आलं की विनंती मिळाली, माहिती पूर्ण पुसायला काही आठवडे लागतील.

“म्हंजे मी अजून तिथंच हाय,” पुनम म्हणाली.

नवऱ्याला जामीन मिळाला, तशी पुनम जिल्हा सोडून गेली. संतरामनी ऐन लग्नसराईत चष्मा कपाटात ठेवला, कागदपत्रं देऊन दुकानाच्या नावाने खात्यासाठी अर्ज केला आणि ते मिळेपर्यंत गिऱ्हाइकं परत पाठवली. आता चष्मा लावण्याआधी ते प्रत्येकाला सांगतात की याला कॅमेरा आहे, माईक आहे, मनात नसेल तर लावू नका.

मंडळी, नोकरीला ठेवलेल्या माणसाचे आपण कष्ट घेतो, त्याचा पगार देतो. त्याचं नाव, चेहरा, नंबर त्या पगारात येत नाही. धंद्याला खातं लागत असेल तर ते धंद्याच्या नावाने काढा, आठवडा लागला तरी थांबा. आणि कुणी नको म्हणालं, तर कारण न विचारता ते नको मान्य करा.

मध्यंतरी एका अनोळखी नंबरवरून पुनमचा फोन आला. तिला नव्या कामासाठी अनुभवाचा दाखला हवा होता. संतराम म्हणाले, “आजच लिहून गंगूताईकडं देतो.” ती कुठून बोलतेय, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते विचारलं नाही. फोन ठेवला आणि तो नंबर त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून टाकला.