भीमाचं सोंग

खोडाळ्याजवळच्या पाड्यात बोहाड्याचा उत्सव तोंडावर आला होता आणि हर्षदाचा बाप महिन्याभरापूर्वीच गेला होता. बोहाड्यात एकेक मुखवटा एकेका घराण्याचा. त्या घरातलं माणूस तो बांधून संबळाच्या तालावर नाचतं. भीमाचं सोंग हर्षदाच्या घरचं. सख्खा भाऊ नव्हताच. तिनं मनाशी ठरवून टाकलं, यंदा आपण घ्यायचं.

दुपारी मांडवात गावकी बसली. जव्हारच्या कॉलेजात तिच्यासोबत शिकवणारा मंसूरही आला होता. तो जव्हारच्या मुसलमान कारागिरांचा इतिहास लिहीत होता; तिचं बोहाड्याच्या इतिहासाचं पुस्तक आधीच निघालं होतं. हर्षदानं सोंग मागताच गावकीतल्या म्हाताऱ्या लाडक्याकाकांनी तेच पुस्तक पुढे सरकवलं.

"पोरी, तूच लिवलंय ना? बाया सोंग घेत नाय."

 हर्षदानं ते लिहिलं तेव्हा कुणा बाईनं सोंग मागितलं नव्हतं आणि कुणी नाकारलंही नव्हतं. तिनं दिसलं तेवढं पाहिलं आणि नव्या पदवीच्या तोऱ्यात वाक्य असं ठोकून दिलं, जसं काही देवानंच कानात सांगितलंय!

"काका, ते माझं चुकलं."

"तुझा बाप माझा दोस्त होता. तू सोंग घ्यावं, मला काय नको वाटतं?" काकांनी पुस्तकावर हात ठेवला. "पण रावनाच्या सोंगाचा झगडा ह्याच पुस्तकावर मिटला, सोंग चंदूच्या घरी ऱ्हायलं. एक चुकलं म्हनशील, तं उद्या चंदूचे भाऊबंद म्हनतील, त्येबी चुकलं."

चंदू खांबाला टेकून मान खाली घालून बसला होता. त्या मुखवट्याशिवाय मान म्हणावा असं त्याच्या घरात काही नव्हतं, हे हर्षदाला पक्कं ठाऊक होतं. तिला त्याचा राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली.

"पुस्तक बरोबर आहे," ती म्हणाली.

भीमाचा मुखवटा तिनं स्वतःच्या हातानं चुलतभाऊ नितीनला दिला. मग मांडवाच्या मागे जाऊन ती बाप गेला त्या दिवशीही रडली नव्हती एवढी रडली.

मंसूर मागोमाग आला. "नव्या आवृत्तीत ते वाक्य काढून टाक, हर्षदा."

"आता कसं काढू, मंसूरभाई? मी लिहिलं तेव्हा असा नेम नव्हता. आज सगळ्यांसमोर मीच तो केला."