रघुवीरकाकांचा कीबोर्ड

आमचे शब्बीर तत्त्वाचे माणूस. तत्त्व त्यांचं, निस्तरायचं मी. भोरच्या कोर्टासमोर आमचं टायपिंगचं दुकान, तीन कॉम्प्युटर, तिन्हीवर विंडोजच्या जागी लिनक्स. "ह्याला मालक न्हाई, झुबेदा. ज्याला जसं पायजे तसं त्यानं करून घ्यावं," एवढं सांगून हे गाडीला किक मारणार आणि कापूरहोळला आपल्या रिपेरिंगच्या गाळ्यावर जाणार ते संध्याकाळपतुर. हितं मी.

ज्याला जसं म्हंजे कसं, ऐका. शुभ्रा वकीलमॅडमना पडद्यावरची बटणं वर पायजेत. वकिलांच्या कारकुनाला खाली. आणि रघुवीरकाकांना टायपरायटर! काका कोर्टातनं रिटायर झालेले टायपिस्ट. टायपरायटरवर जिथं जे अक्षर, कॉम्प्युटरवर तिथंच पायजे. तशी मांडणी लिनक्समधी होती, पण नवं व्हर्जन आलं की हमखास मोडायची. मग मी पदर खोचून बसायची आणि एकेक अक्षर जागेवर लावायची. तोंड चालूच. "एका माणसासाठी कोण राबणार?" दर खेपेला हेच. शब्बीर हसायचे. काका आपले चष्मा पुसत बसायचे.

त्या उन्हाळ्यात शब्बीरनी नवं व्हर्जन तिन्हीवर चढवलं. नव्या प्रिंटरला जुनं चालत न्हवतं. बघते तर टायपरायटरची मांडणी गायब. मोडलेली न्हवे, काढूनच टाकलेली! माझी जुनी फाईल घातली तर कीबोर्डच मुका झाला.

काकांना हे ठाऊक न्हाई. गुंजवण्याच्या धरणात जमीन गेलेली माणसं बाकावर बसलेली, त्यांचे अर्ज काकाच लिहायचे. काकांनी सवयीनं डोळे मिटून बोटं चालवली आणि पडद्यावर नुसता गोंधळ. मी कॉम्प्युटरची स्वतःची, नवी मांडणी दाखवली. दुपार झाली तरी स्वतःचं नाव सुदीक धड उमटेना. काकांनी चष्म्याची घडी घातली.

"ह्यांना दुसरीकडं पाठव, पोरी," म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी आले न्हाईत. तिसऱ्याही न्हाई. घरात एकटा माणूस, अर्जांच्या निमित्तानं तेवढा बाहेर पडायचा. अर्ज सुटले की तेही संपलं. मला लई वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

ती मांडणी कोण बघतं, त्याचं नाव नेटवर सापडलं. नाशिकचा कुणी प्रद्युम्न. खाली मोबाईल नंबर. लावला.

"कुणी सांगितलं होतं काढायला?"

"ताई, मीच सांभाळत होतो ती. नोकरी करून, फुकट. माझ्याकडं तसा टायपरायटरही नाही. दर व्हर्जनला मोडते, मग शिव्या मला." मग त्यानं विचारलं, "तुमच्याकडं किती जण वापरतात?"

"एक."

"मग तुम्हीच सांगा. एका माणसासाठी कोण राबणार?"

या अल्ला! माझंच वाक्य.

"तुम्ही सांभाळता का?" तो म्हणाला. "दर वेळी तपासायचं, बिघडलं तर सुधारायचं. तर परत घालतो."

"शिकवा," म्हटलं.

शिकले. फोनवर शिकले, चुकले, त्या पोराचं डोकं खाल्लं. गणपती येऊन गेले तेव्हा कुठं मांडणी परत आली, आणि सांभाळणार म्हणून तिच्यावर माझं नाव. शब्बीरनी अख्ख्या कापूरहोळला सांगितलं. मी म्हटलं, सांगा, पण भाजीपण आणा.

काकांना निरोप धाडला. आले. हातात जुनी लग्नपत्रिका, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं चौकोन आखलेले, चौकोनात अक्षरं. नवी मांडणी!

"बरीचशी पाठ झालीय," काका म्हणाले. "ज्ञ तेवढा सापडत नाही अजून."

मी ती पत्रिका काढून घेतली, काकांना खुर्चीवर बसवलं. "नाव लिवा. तुमच्या पद्धतीनं."

काकांनी डोळे मिटले. बोटं चालली. उघडून बघतात तर रघुवीर, बिनचूक. चष्मा पुसून परत बघितलं.

"कुणी केलं हे? तू तर म्हणायचीस, एका माणसासाठी कोण राबणार?"

"मी," म्हटलं. "लिवा आता. गुंजवण्याची माणसं ताटकळलीत."